दर उन्हाळ्यात बारीक होणारी नळाची धार: जुना जीआय पाईप बदलताना आमचं काय चुकलं

नळाचा दिवस असला की आमच्या सासूबाई पहाटे चारलाच उठून बसतात. "पानी उनं का व?" (पाणी आलं का गं?) हा पहिला प्रश्न. आणि गेली चार वर्षं त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं, "धार बारीक व्हयी गयी." मी ते बरेच दिवस हसण्यावारी नेलं. मग एका पहाटे बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन हौदापाशी बसले. १५ लिटरची बादली भरायला १ मिनिट ५० सेकंद लागले. शेजारच्या वहिनींकडे, त्याच गल्लीत, त्याच वेळी, तीच बादली ४० सेकंदांत भरली.

आमचं घर धुळे शहरातलं. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या ज्या सरळ, नंबर टाकलेल्या गल्ल्या आहेत, त्यांतली एक. तोंड अरुंद आणि पोट लांब, अशी इथली घरं. पुढे दगडी ओटा, मग बोळ, मग अंगण आणि अंगणात जमिनीखालचा हौद. म्हणजे गल्लीतलं पाणी हौदापर्यंत पोचायला ४२ फूट पाईप लागतो. हा पाईप सासऱ्यांनी घर बांधताना टाकलेला, अर्धा इंची जीआय, म्हणजे लोखंडी. नळ रोज येत नाही, आला की सव्वा तास असतो. तेवढ्यात हौद भरला तर पुढचे दिवस निभतात. बादलीला ११० सेकंद, म्हणजे मिनिटाला ८ लिटर, म्हणजे सव्वा तासात जेमतेम ६०० लिटर. आमचा हौद १५०० लिटरचा. सासूबाईंना हे गणित न करताच कळलं होतं.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येणारी आहे, म्हणून आधी आम्ही केलेले उपाय सांगते. कदाचित तुम्हीही यातलाच एखादा करून बसला असाल.

पहिल्या वर्षी तोट्या बदलल्या. जुन्या तोटीच्या जाळीत तांबडा भुगा निघाला, तो निघाल्यावर धार सुधारली आणि दीड महिन्यात परत बसली. दुसऱ्या वर्षी दिरांनी नळाचं पाणी ओढणारी छोटी टिल्लू मोटर आणली. आठ दिवस घरात दिवाळी. मग हौदाच्या तळाला गाळ दिसायला लागला आणि पाण्याला वास. थेट नळाच्या लाईनवर मोटर लावणं नियमात बसत नाही आणि ती जप्त होऊ शकते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की मोटर ओढते तेव्हा लाईनमध्ये पोकळी होते, आणि वाटेत कुठे जोड गळका असेल तर तिथून बाहेरचं गटाराचं पाणीसुद्धा आत येतं. शिवाय शेजारच्यांची धार आपण पळवतो ती वेगळीच. वहिनींनी दोन महिने माझ्याशी बोलणं सोडलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून पाईप फुंकला. हा जुगाड आमच्याकडे बरेच जण करतात. बोटभर लांबीचे गंजाचे पोपडे बाहेर आले आणि धार एकदम मोकळी झाली. पंधरा दिवसांनी बोळातल्या भिंतीला ओल आली. गंजाने पाईपाला भोक पडलेलं होतं आणि गंजानेच ते बुजवून ठेवलं होतं. आम्ही बूच उडवलं.

बिघाड नेमका कुठे, हे आधी शोधा

पाईप विकत आणायच्या आधी एक अख्खी नळाची पहाट मोजण्यात घालवा. तीच बादली घेऊन तीन ठिकाणी मोजायचं: रस्त्याच्या बाजूला घराचा जो पहिला कॉक असतो तिथे, मधल्या नळाला, आणि शेवटी हौदावर. प्रत्येक वेळी बाकीचे सगळे नळ बंद ठेवा. आमचे आकडे असे आले: ओट्याबाहेरच्या कॉकपाशी ३८ सेकंद, अंगणातल्या नळाला १०५, हौदावर ११०. याचा अर्थ गल्लीत पाणी भरपूर होतं. ते ओट्याखालच्या आणि बोळातल्या पाईपात अडत होतं.

पहिल्या कॉकपाशीच धार बारीक असेल तर घरातला पाईप बदलून काही हाती लागणार नाही. मग अडचण मुख्य लाईनवरच्या फेरूलमध्ये (घराची जोडणी जिथून निघते त्या तोंडात) किंवा तिथून घरापर्यंतच्या तुकड्यात. ते काम पालिकेकडे अर्ज करून, रस्ता खोदायची परवानगी घेऊनच करायचं. आमच्या गल्लीत काँक्रीट झालं तेव्हा हा तुकडा नवा पडला होता, म्हणून आम्ही त्यातून सुटलो. शेजाऱ्यांकडेही धार बारीक असेल तर दोष तुमच्या घराचा नाहीच. तिथे वाट बघण्याशिवाय किंवा सगळ्यांनी मिळून अर्ज देण्याशिवाय इलाज नाही.

दुसरी परीक्षा मला एका गवंडीदादाने शिकवली आणि मला ती फार आवडली. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती अंगणातल्या नळाला घट्ट बसवायची आणि दुसरं टोक हातात धरून जिना चढायचा. सगळे नळ बंद असताना आमच्या नळीत पाणी १८ फुटांवर, म्हणजे माडीच्या कठड्यापर्यंत जाऊन थांबलं. मग खाली मुलाने हौदाचा कॉक उघडला, आणि नळीतलं पाणी सर्रकन गुडघ्यापर्यंत उतरलं. बंद असताना उंच, उघडलं की धपकन खाली, याचा अर्थ जोर आहे पण वाट नाही. पाईप तुंबलेला असतो तेव्हा असंच होतं. बंद असतानाही पाणी कमरेच्या वर चढत नसेल तर मुळात लाईनलाच दाब नाही, आणि तिथे पाईप कितीही मोठा टाका, फरक थोडाच पडेल. ज्यांच्याकडे प्रेशर गेज आहे त्यांनी तो लावावा. १० मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब. पण नळीत डोळ्यांनी दिसतं, आणि घरातल्या मोठ्या माणसांना खर्चासाठी तयार करायला ते बरं पडतं.

एक फसवी जागा वेगळी सांगते. जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हचा दांडा फिरतो, पण आतली चकती तुटून खालीच राहिलेली असते. वरून कॉक पूर्ण उघडा दिसतो आणि पाणी चकतीच्या कडेने झिरपत येतं. धार हळूहळू न बसता एका दिवसात बसली असेल तर आधी हा व्हॉल्व्ह उघडून बघा. पाईपाला हात लावायची गरजही पडणार नाही.

पाईपात एवढं साचतं काय

बोळातला तुकडा कापला तेव्हा त्याच्या तोंडातून पेन्सिल जेमतेम जात होती. अर्धा इंची जीआयचं आतलं भोक नवं असताना साधारण १६ मिलिमीटर असतं. भोक निम्म्यावर आलं की पाणीही निम्म्यावर येईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. तेवढ्याच दाबाला ते जवळजवळ सहाव्या हिश्शावर येतं, आणि गंजाच्या खडबडीत भिंती त्यात आणखी भर घालतात.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. तो मुलामा झिजला की लोखंड उघडं पडतं. त्यातून आमच्याकडचा नळ दिवसाआड, चार दिवसांआड येणारा. पाईप मधले दिवस रिकामा, ओला, आणि हवा भरलेला. गंजाला याहून चांगलं घर मिळणार नाही. नळ येतो तेव्हा पहिला लोंढा हवा रेटत येतो, पोपडे सुटतात आणि एल्बोत, म्हणजे काटकोनी जोडात, जाऊन अडकतात. तोट्या बदलून किंवा फुंकून आलेला आराम टिकत नाही तो यामुळे, कारखाना आत चालूच असतो. उन्हाळ्यात लाईनचा दाबही उतरतो, आणि तो उतरल्याचं सगळ्यात आधी अरुंद पाईपालाच जाणवतं.

आमच्या तुकड्यात तांबड्या गंजावर पांढरा थरही होता. ती आमचीच करणी. दोन टंचाईच्या वर्षांत बोअरचं पाणी याच लाईनला टी (तीन तोंडांचा जोड) मारून घेतलं होतं. काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. पांढऱ्या थरावर लिंबू पिळलं तर तो फसफसतो, गंज फसफसत नाही. तुमच्याकडे नुसता पांढराच थर निघत असेल तर खरं दुखणं बोअरचं पाणी आहे, आणि नवा पाईपही काही वर्षांत तसाच होईल. बोअरची लाईन वेगळी करा. ते जमत नसेल तर निदान एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा, नाहीतर बोअर चालू केल्यावर ते पाणी उलट गल्लीतल्या लाईनमध्येही जातं.

पहिल्यांदा बदललं, आणि फसलो

गेल्या वर्षी शेवटी पाईप बदलायचं ठरलं. प्लंबर म्हणाला, "ताई, जुना अर्ध्याचा आहे, अर्ध्याचाच सीपीव्हीसी टाकू, जोड जुळतात." सीपीव्हीसी म्हणजे ताठ प्लास्टिकचा पाईप. बोळ आणि अंगण मिळून ३० फूट पाईप बदलला. ओटा मात्र तसाच सोडला, कारण तो सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या दगडांचा, आणि तो फोडायचं नाव काढलं की सासूबाई जेवत नाहीत. त्या दिवशी बादली ६० सेकंदांवर आली. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. तीन महिन्यांत ती परत १०० सेकंदांवर गेली.

चुका दोन झाल्या. ओट्याखालच्या बारा फुटांत दोन एल्बो होते, आणि घरातला सगळ्यात जुना गंज तिथेच होता. पाणी सगळ्यात अरुंद जागेतून जेवढं जाईल तेवढंच पुढे येतं, पुढचा पाईप किती का चकचकीत असेना. कामाच्या हिसक्यांनी तिथले पोपडे सुटले आणि दुसऱ्या एल्बोत जाऊन बसले.

दुसरी चूक मापाची होती. ती दुकानदारही सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "अर्धा इंच" हा शब्द प्रत्येक पाईपात वेगळा असतो. अर्धा इंची जीआयचं आतलं भोक १६ मिलिमीटर. अर्धा इंची सीपीव्हीसीचं जाड भिंतीच्या प्रकारात सुमारे १२.५ मिलिमीटर. म्हणजे नवा पाईप टाकून आम्ही वाट अरुंद केली होती! सीपीव्हीसी गुळगुळीत असतो, त्यामुळे थोडी भरपाई होते. तरी तो नव्या अर्धा इंची जीआयच्या फार तर दोन तृतीयांश पाणी देईल. पाऊण इंची सीपीव्हीसीचं भोक १८ मिलिमीटर आहे. म्हणून जीआय काढून सीपीव्हीसी टाकताना निदान एक माप वर जायचंच, आणि लांबी जास्त असेल तर दोन. एक इंची सीपीव्हीसीला २३ मिलिमीटर मिळतं. निळ्या एमडीपीई (वाकणाऱ्या प्लास्टिकच्या) पाईपाची तऱ्हा तिसरीच. त्यावर लिहिलेलं माप बाहेरचं असतं. २५ चा घेतला तर आत २० मिलिमीटर, ३२ चा घेतला तर आत साधारण २६. दुकानात पाईपाच्या तोंडावर पट्टी ठेवून आतलं माप बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

दुसऱ्यांदा, नीट

सासूबाईंची समजूत मुलाने काढली. प्रत्येक दगडावर खडूने नंबर टाकला, मोबाइलवर फोटो काढले, आणि सगळे दगड त्याच जागी बसवायचं कबूल केलं. पाईपापेक्षा या दगडांची मजुरी जास्त झाली, हेही सांगून ठेवते.

कापायच्या आधी एक गोष्ट बघा, यात जीव जाऊ शकतो. जुन्या घरांत विजेची अर्थिंग नळाच्या लोखंडी पाईपाला बांधलेली असते. आमच्याकडे बोळाच्या कोपऱ्यात एक गंजकी तार पाईपाला गुंडाळलेली सापडली. पहिल्या वेळी ती कोणीच पाहिली नव्हती, आणि वर्षभर आमचं घर प्लास्टिकच्या पाईपावर, म्हणजे अर्थिंगशिवाय चाललं. गिझर होता, फ्रिज होता. मेन स्विच पाडल्याशिवाय पाईपाला आरी लावू नका. अशी तार सापडली तर आधी वायरमनकडून वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या.

जमिनीखालच्या भागाला आम्ही ३२ चा निळा एमडीपीई घेतला, कॉकपासून हौदापर्यंत एकसलग, मध्ये एकही जोड नाही. कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. ताठ पाईपाचे जोड त्या ओढाताणीत सुटतात. वाकणारा पाईप तेवढं सहन करतो. ज्या मुलखात केळीच्या आणि कापसाच्या शेतात मैलोगणती ठिबकच्या नळ्या पसरल्या आहेत, तिथे वाकणाऱ्या नळीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तरी घरकामाला प्लंबर ताठ पाईपच सुचवतात. चर दीड फूट खोल घेतला, खाली-वर वाळू टाकली आणि मग माती ओढली. काटकोनात एल्बो न घालता पाईप मोठ्या वळणाने फिरवला. प्रत्येक एल्बो थोडा दाब खातो आणि कचरा अडवतो.

एमडीपीईचे जोड कॉम्प्रेशनचे, पिळून बसणारे. पाईपाचं टोक सरळ कापा, कडा घासून गोल करा आणि आत थांबेपर्यंत ढकला. गळती येते ती बहुतेक वेळा तिरक्या कापामुळे. जिथे लोखंडी किंवा पितळी आट्यांशी जोड येतो तिथे प्लास्टिकचे आटे देऊ नका, पितळी आट्यांचाच जोड घ्या. प्लास्टिकचा आटा जास्त आवळला की केसाएवढी चीर पडते, आणि ती आठवडाभराने गळते, फरशी बसवून झाल्यावर. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने गुंडाळा.

वरच्या उघड्या भागाला एक इंची सीपीव्हीसी टाकला. मे महिन्यात धुळ्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा जोड चिकटवायचं सोल्युशन ब्रशवरच वाळायला लागतं. हे काम सकाळी आठच्या आत उरका. पाईप आणि जोड दोन्हीला लावा, पाव वळसा देत बसवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडलं तर पाईप स्वतःच मागे सरकतो. मग एक दिवस पाणी सोडू नका. आपल्याकडे नळ रोज नसतो, तो इथे उपयोगी पडला. गच्चीवरच्या उन्हातल्या पाईपाला रंगाचा हात द्या, नाहीतर ऊन त्याला ठिसूळ करतं.

हौदावर पाईपाचं तोंड भरलेल्या पाण्याच्या वर वीतभर राहील असं ठेवलं. आधी ते पाण्यात बुडायचं. नळ जातो तेव्हा लाईन रिकामी होताना उलटी ओढते, आणि बुडालेल्या तोंडातून हौदातलं पाणी गल्लीत परत जातं. ड्रममध्ये बुडवून ठेवलेली रबरी नळीही तेच करते. "रात्री भरलेला ड्रम सकाळी कमी कसा" याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

पहिल्या नळाला दहा मिनिटं पाणी हौदात न घेता बाहेर सोडलं. चरात पडलेली माती आणि प्लास्टिकचा कीस त्यात निघून जातो. धुळ्यात दहा मिनिटं पाणी सोडून द्यायचं म्हणजे पोटात गोळा येतो, म्हणून बादल्या भरून अंगण धुतलं, तुळशीला आणि दारच्या कडुनिंबाला घातलं. पहिल्या दिवसाचं पाणी प्यायला घेतलं नाही.

मग मोजलं. हौदावर बादली ४५ सेकंदांत. ओट्याबाहेरच्या कॉकपाशी तेव्हा ३९ आले, म्हणजे सगळ्या घरातून पाणी फिरवून आणायला आता फक्त सहा सेकंद जास्त लागतात. हौद सव्वा तासात काठोकाठ भरला. आता दर तीन महिन्यांनी हे दोन आकडे मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिते. दोन्ही एकदम वाढले तर अडचण गल्लीत, फक्त हौदाचा वाढला तर घरात. तेव्हा आधी हौदाच्या बॉल कॉकची (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणाऱ्या कॉकची) जाळी बघायची, मगच घाबरायचं. आठ महिने झाले, हौदाचा आकडा ४७ च्या वर गेलेला नाही.

सासूबाईंनी ओट्याखालून निघालेला वीतभर तुकडा टाकू दिला नाही. आल्या-गेल्याला त्यातून डोळा लावून बघायला लावतात. काहीच दिसत नाही.

माडीवरच्या न्हाणीची धार अजून बारीकच आहे. ती या लाईनची नाही, गच्चीवरच्या टाकीची. टाकी त्या शॉवरच्या जेमतेम चार फूट वर आहे, आणि टाकीच्या बुडाला अजून जुना अर्धा इंची जीआयचा निपल (जोडाचा आखूड तुकडा) आहे. तो दिवाळीच्या आत बदलायचा आहे. पारदर्शक नळी परत केलेली नाही.